आंबट बिअरचा एक घोट आणि ओपीडीतले तीन प्रश्न



डॉक्टरने दारूवर लेख लिहिला म्हणजे त्यात काय असणार, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. "पिऊ नका" एवढं सांगायचं आणि खाली लिव्हर सिरॉसिसचं चित्र लावायचं. असे लेख मीही लिहिले आहेत. ज्यांना गरज नाही ते लोक ते वाचतात आणि ज्यांना गरज आहे ते पहिल्या ओळीलाच पुढे सरकतात. म्हणून आज उलट्या टोकाने सुरुवात करतो. गेल्या महिन्यात मी एक बिअर चाखली आणि ती मला आवडली.

आवडली म्हणूनच हा लेख लिहितो आहे. वाईट चवीच्या गोष्टीपासून कुणाला सावध करावं लागत नाही.

झालं असं की

माझा भाचा पुण्यात आयटी कंपनीत आहे. त्याला क्राफ्ट बिअरचा नाद आहे. क्राफ्ट बिअर म्हणजे मोठ्या कारखान्यात लाखो बाटल्या भरून निघणारी नव्हे, तर छोट्या ठिकाणी थोडी थोडी, वेगवेगळ्या प्रकारची बनवलेली बिअर. पुण्यात हे प्रकरण २००९ साली 'डूलाली'ने सुरू केलं आणि मग शहरभर पसरलं. डूलाली या नावामागे आपल्या देवळालीची गोष्ट आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत इंग्रज सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे. उकाडा, रिकामपण, हिवताप आणि दारू यांनी काहींचं डोकं फिरायचं. त्यालाच ते 'देवळाली टॅप' म्हणायचे, आणि हा 'टॅप' म्हणजे आपला ताप! पुढे इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडसर असा अर्थ रूढ झाला. बिअरच्या नावात आजाराचा इतिहास दडलेला पाहून डॉक्टर म्हणून मला गंमत वाटली.

तर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही पेशंटला सारखं बिअर सोडा म्हणता. कधी नीट चव घेतली आहे का?" मी म्हटलं, कॉलेजात घेतली होती, कडू लागली. तो म्हणाला, "ही कडू नाही, आंबट आहे. लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली."

छोट्या ग्लासात साधारण १०० मिली आली. रंग जुन्या चिंचेच्या कोळासारखा. नाकाजवळ नेली तर पावसात भिजलेल्या घोंगडीचा आणि गोठ्यातल्या कडब्याचा वास. शहरातल्या माणसाला हा वास विचित्र वाटेल, पण मी शिरूर तालुक्यात वाढलो, मला तो घरचा वाटला. घोट घेतला तर आधी आवळा, मग कैरी, मग मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा खार, आणि शेवटी ओल्या लाकडाची तुरट चव. गोडवा जवळजवळ नाही. दुसरा घोट घेतला. तिसऱ्या घोटाला मी ग्लास खाली ठेवला. का ठेवला, ते पुढे सांगतो.

ही बिअर आंबट कशी होते?

साध्या बिअरमध्ये सातूला मोड आणून ते वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. ते गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढतात, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतं. दोन-चार आठवड्यांत बिअर तयार होते.

आंबट बिअरमध्ये यीस्टच्या जोडीला जीवाणूही कामाला लावतात. त्यातला मुख्य लॅक्टोबॅसिलस. हे नाव तुम्ही ऐकलं असेल, कारण दही लावणाऱ्या जीवाणूंच्या कुटुंबातलाच हा. आपल्या आंबिलीत आणि इडलीच्या पिठातही हीच मंडळी काम करतात. साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल बनवतात. ताकाचा आंबटपणा आणि या बिअरचा आंबटपणा मुळात एकच. शिवाय ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक रानटी यीस्ट असतं. १९०४ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याची ओळख पटवली. घोंगडीचा वास त्याचाच.

या प्रकाराचं मूळ गाव बेल्जियम. ब्रसेल्स शहराच्या आसपास लँबिक नावाची बिअर बनवतात. तिच्यात यीस्ट विकत आणून घालत नाहीत. गरम काढा रात्रभर उथळ, उघड्या हौदात थंड होऊ देतात आणि हवेतले, छपरातले, भिंतीतले जंतूच विरजण लावतात. उन्हाळ्यात नको ते जंतू वाढतात म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच करतात. मग ती ओकच्या पिंपात एक ते तीन वर्षं ठेवतात. लाकडातून थोडीशी हवा आत झिरपते, जंतू सावकाश काम करत राहतात, चव बदलत जाते. लाकडी पिंपं पाहायला आपल्याला बेल्जियमला जायची गरज नाही. दौंड तालुक्यातल्या रोटी गावीच वाइनरी उभी राहिली आहे.

इथपर्यंत सगळं छान आहे. आंबवणं ही माणसाची फार जुनी कला आहे आणि ज्यांना ती येते त्यांचं मला कौतुक आहे. अडचण सुरू होते ती या कलेला औषधाचा मुलामा दिला की. शिरूरच्या आणि दौंडच्या माझ्या ओपीडीत गेल्या काही वर्षांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. तिन्हींची उत्तरं आज देतो.

प्रश्न पहिला : "बिअर म्हणजे दारू थोडीच?"

हा प्रश्न प्रश्नासारखा येत नाही, उत्तरासारखा येतो. मी विचारतो, "दारू घेता का?" समोरचा म्हणतो, "नाय डॉक्टर, दारूला हात लावत नाय. बिअर घेतो कधीमधी." शेजारी बसलेली बायको खाली बघते. तेवढ्यावरून मला 'कधीमधी'चा अर्थ कळतो.

रांजणगाव एमआयडीसीत काम करणारा एक इंजिनिअर तरुण आला होता. वय ३१. कंपनीच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. तो म्हणाला, "सर, मी दारू पीत नाही. फक्त क्राफ्ट बिअर, तीही शनिवारी." किती, असं विचारल्यावर पाच ग्लास निघाले, अर्ध्या लिटरचे. देशी पिणारे लोक त्याच्या दृष्टीने दारुडे होते आणि तो स्वतः शौकीन.

इथे मला थोडं गणित मांडू द्या. कागद घ्या आणि स्वतः करून बघा. मिलीलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.८. आलेला आकडा म्हणजे पोटात गेलेलं शुद्ध अल्कोहोल, ग्रॅममध्ये.

- व्हिस्कीचा ६० मिलीचा मोठा पेग (४२.८ टक्के) : सुमारे २० ग्रॅम
- साध्या बिअरची ६५० मिलीची बाटली (५ टक्के) : सुमारे २६ ग्रॅम
- स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली (८ टक्के) : सुमारे ४१ ग्रॅम
- आंबट क्राफ्ट बिअरची ३३० मिलीची बाटली (६.५ टक्के धरून) : सुमारे १७ ग्रॅम

म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग. "मी फक्त एक बिअर घेतो" म्हणणारा माणूस "मी फक्त दोन मोठे पेग घेतो" म्हणतो आहे, फरक एवढाच की पहिलं वाक्य बायकोसमोर बोलता येतं. आणि माझ्या इंजिनिअर मित्राचे पाच ग्लास, ५ टक्क्यांचे धरले तरी, १०० ग्रॅम. पाच मोठे पेग, एका बैठकीत.

लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. बिअर बेल्जियमच्या पिंपातली असो, नाक्यावरच्या दुकानातली असो किंवा हातभट्टीची असो, त्यातलं इथेनॉल एकच. (हातभट्टीत मिथेनॉलची भेसळ होऊन डोळे आणि जीव जाऊ शकतो, तो धोका वेगळा आणि फार मोठा.) लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निपटारा करतं. लिंबू-पाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, उलटी, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री दोन स्ट्राँग बाटल्या रिचवल्या तर ८२ ग्रॅम झाले. म्हणजे आठ ते बारा तास. रात्री अकराला बाटली संपवून सकाळी सातच्या पाळीला मोटारसायकलवर निघालेला माणूस स्वतःला शुद्धीवर समजतो, पण त्याच्या रक्तात दारू अजून असते.

कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ७० किलोच्या माणसाने उपाशीपोटी साध्या बिअरची एक बाटली पटकन संपवली तरी तो ती ओलांडू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला दंडाची फिकीर नाही. एका बाजूला नगर रस्ता, दुसऱ्या बाजूला सोलापूर रस्ता, मध्ये न्हावरे-चौफुला रस्त्यावर गळिताच्या हंगामात रात्री दिव्याविना चाललेल्या उसाच्या ट्रॉल्या. शुद्धीतल्या माणसालाही त्या ऐनवेळी दिसतात.

प्रश्न दुसरा : "बिअरने मुतखडा पडतो ना?"

आपला भाग उन्हाचा. शेतात, ट्रकमध्ये, वीटभट्टीवर काम करणारी माणसं घाम गाळतात आणि पाणी कमी पितात. लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. कधी कधी माणूस विचारायलाही येत नाही, बिअर पिऊन झाल्यावर येतो.

दौंडला असाच एक ड्रायव्हर आला होता. वय ३८. डाव्या कुशीत कळ, सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत ७ मिमीचा खडा. मी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्या म्हटलं, आठ दिवसांनी यायला सांगितलं आणि युरॉलॉजिस्टचं नाव लिहून दिलं. सोबतच्यांनी सांगितलं, "कशाला पुण्याला जातोस? दोन बिअर मार, खडा धुऊन निघेल." तो चार दिवस रोज दोन बाटल्या प्यायला. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, लघवी कमी झाली. माझ्याकडे आणला तेव्हा रक्तदाब घसरलेला होता. खडा तिथेच अडकलेला, वर तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झालेला. रात्रीच पुण्याला पाठवलं, तिथे नळी टाकून तुंबलेली लघवी मोकळी केली. वाचला. एखादा दिवस उशीर झाला असता तर मूत्रपिंडच काय, माणूसही हाती लागला नसता.

मीही त्यात चुकलो होतो. पहिल्या भेटीत मी त्याला काय प्यायचं ते सांगितलं, काय प्यायचं नाही ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मुतखड्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर खाली लिहितो : 'बिअर नाही. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.'

आता शास्त्र काय म्हणतं ते प्रामाणिकपणे सांगतो. परदेशातल्या काही मोठ्या पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांमध्ये नवे मुतखडे थोडे कमी आढळले, हे खरं आहे. इंटरनेटवर तुम्हाला ते सापडेल. पण खडा *होणं* आणि झालेला खडा *पडणं* या दोन वेगळ्या गोष्टी. बिअरने लघवी जास्त होते, कारण अल्कोहोल मेंदूतून येणारं लघवी रोखणारं संप्रेरक दाबतं. हा परिणाम काही तास टिकतो, नंतर शरीर उलट कोरडं पडतं. आणि वाट बंद असताना वरून जोर लावला तर नळी तुंबते, कळ वाढते. ४-५ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. त्या आठवड्यात माणूस बिअर पीत असेल तर श्रेय बिअरला जातं. मारुतीला नारळ फोडला असता तर ते मारुतीला गेलं असतं.

आणखी एक. बिअरने युरिक अॅसिड वाढतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये सुमारे ४७ हजार पुरुषांवरची १२ वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात दारू पिणाऱ्यांमध्ये गाऊट, म्हणजे अंगठ्याचा सांधा लाल होऊन सुजणारा वात, जास्त दिसला, आणि सगळ्यांत जास्त संबंध दिसला तो बिअरशी. काही खडे युरिक अॅसिडचेच असतात. म्हणजे खडा घालवायला म्हणून प्यालेली बिअर नव्या खड्याचं साहित्य पुरवू शकते.

मुतखड्याला खरा उपाय फुकट आहे. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या. उन्हात काम असेल तर त्याला तीन-चार लिटर पाणी लागेल. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.) जेवणात मीठ कमी करा, लिंबाचं सरबत घ्या.

प्रश्न तिसरा : "आंबवलेली आहे, मग पोटाला चांगली ना?"

हा प्रश्न नवा आहे, आणि शिकलेल्या घरांतून येतो. दही प्रोबायोटिक, ताक प्रोबायोटिक, मग आंबट बिअरमध्येही तेच लॅक्टोबॅसिलस, मग ती का नाही? प्रश्न हुशारीचा आहे, म्हणून उत्तरही नीट देतो.

पहिली गोष्ट, आंबट झालं म्हणजे जंतू जिवंत आहेत असं नाही. बऱ्याच आंबट बिअर जंतूंनी काम केल्यावर पुन्हा उकळतात किंवा पाश्चराइझ करतात. दुसरी, जिवंत असले तरी किती आणि कोणत्या जातीचे, याला माप नाही. औषध म्हणून प्रोबायोटिक देताना जात आणि संख्या दोन्ही ठरलेली असते. तिसरी आणि महत्त्वाची, त्यांच्यासोबत जे अल्कोहोल येतं ते आतड्याच्या अस्तराला त्रास देतं आणि आतल्या जंतूंचा तोल बिघडवतं. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने त्याहून जास्त काढून घेणारा हा सौदा आहे. लॅक्टोबॅसिलस हवा असेल तर दहा रुपयांचं ताक प्या.

आंबटपणाचंही एक मोजमाप आहे, पीएच. आकडा जितका कमी, तितका पदार्थ आम्लधर्मी. हे माप १९०९ साली सोरेनसेन यांनी त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधलं. आज आपण रुग्णाच्या रक्ताचा पीएच बघतो ते माप बिअरवाल्यांच्या घरात जन्मलं! साध्या बिअरचा पीएच ४ ते ४.५, आंबट बिअरचा साधारण ३.२ ते ३.५. दातांचं कवच साधारण ५.५ च्या खाली झिजायला लागतं. म्हणजे तासभर घोट घोट आंबट बिअर घेत बसणं म्हणजे तासभर दात आम्लात बुडवून ठेवणं. प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ पडलेलं कवच आणखी घासलं जातं. साध्या पाण्याने चूळ भरा. ज्यांना आम्लपित्ताचा, छातीत जळजळीचा त्रास आहे त्यांना तर ही बिअर दोन्हीकडून मारते. आम्ल वरून येतं आणि अल्कोहोल अन्ननलिकेची झडप सैल करतं.

मधुमेहींना कुणीतरी सांगतं, "यात साखर उरत नाही, चालेल." साखर बरीचशी जंतूंनी खाल्लेली असते हे खरं. पण अल्कोहोल लिव्हरला रक्तात साखर सोडू देत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर मध्यरात्री धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि घरच्यांना वाटतं, पिऊन झोपला आहे. शिवाय एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी. स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत नुसत्या अल्कोहोलच्याच सुमारे २९० कॅलरी होतात, तीन पोळ्यांच्या जवळपास.

ही औषधं चालू असतील तर एक घोटही नको

- मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल आणि काही अँटिबायोटिक इंजेक्शनं : उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं
- टीबीची औषधं : लिव्हरवर दुहेरी भार
- झोपेच्या, फिटच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या : गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या : रक्तस्रावाचा धोका
- लिनेझोलिड आणि नैराश्यावरची काही जुनी औषधं : इथे टॅपवरची ताजी आणि आंबट बिअर जास्त धोक्याची. जीवाणूंनी आंबवलेल्या बिअरमध्ये टायरामिन जास्त असू शकतं, आणि या औषधांबरोबर त्याने रक्तदाब एकदम भडकतो

गरोदर बाईने, मूल हवं म्हणून प्रयत्न करणाऱ्या बाईने, कावीळ होऊन गेलेल्याने आणि फॅटी लिव्हरवाल्याने तर घेऊच नये.

मग माझं मत काय?

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. दारूला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकूनही आता बरीच वर्षं झाली, १९८८ पासून ती तिथे आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्तन, इतक्या कर्करोगांशी तिचा संबंध आहे. 'थोडी घेतली तर हृदयाला चांगली' हे आम्हीही कॉलेजात ऐकलं होतं. पुढे लक्षात आलं की न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते, म्हणून पिणारे उगाच निरोगी दिसत होते.

गंमत अशी की आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा दारूचा परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' म्हणून दिला जातो. कागदावर सगळा महाराष्ट्र तब्येतीसाठी पितो! मला राग आहे तो याच खोटेपणाचा. बिअर पिणाऱ्याचा मला राग नाही.

चव ही चव म्हणून घ्या. एकवीस पूर्ण झालेल्या, निरोगी, गाडी न चालवणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा शंभर मिली आंबट बिअर चाखली तर मी त्याला ओरडणार नाही. मीही चाखली. शंभर मिलीत साधारण ५ ग्रॅम अल्कोहोल जातं. धोका शून्य नाही, पण लहान आहे, आणि तो समजून घेतलेला आहे. मात्र ती औषध आहे, पाचक आहे, दारू नाही, असं म्हणू नका. स्वतःला तर नाहीच नाही. औषध म्हटलं की माणूस रोज घेतो. दारू म्हटलं की निदान मोजतो. आणि जो आजवर पीत नाही, त्याने तब्येतीसाठी म्हणून सुरुवात करावी असं एकही कारण माझ्याकडे नाही.

मी तिसऱ्या घोटाला ग्लास का ठेवला, ते सांगायचं राहिलं. पहिल्या घोटात मला सगळ्या चवी लागल्या, कैरी, आवळा, घोंगडी. दुसऱ्यात निम्म्या लागल्या. तिसऱ्यात चव लागलीच नाही, नुसतं छान वाटलं. तेव्हा लक्षात आलं की जीभ थांबली आहे आणि आता मेंदू मागतो आहे. चवीचं काम संपलं होतं, पुढचं काम दारूचं होतं. भाचा हसला, पण त्यानेही त्या दिवशी दुसरा ग्लास मागवला नाही.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

१. पिणं कमी करायला हवं, असं मला कधी वाटलं आहे का?
२. माझ्या पिण्यावर कुणी बोललं की मला राग येतो का?
३. पिण्याबद्दल मला अपराधी वाटतं का?
४. सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला किंवा डोकं ताळ्यावर आणायला घोट लागतो का?

दोन किंवा अधिक उत्तरं 'हो' असतील तर तुमच्या डॉक्टरशी बोला. उत्तरं देताना बाटलीत बिअर होती की व्हिस्की, याने काही फरक पडत नाही.

रोज भरपूर पिणाऱ्यांना एक महत्त्वाची सूचना. हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार दोन-तीन दिवसांत होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं घेऊन सोडता येते, आणि सुटते. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो.

तो इंजिनिअर तरुण तीन महिन्यांनी परत आला. एसजीपीटी उतरलं होतं. म्हणाला, "सर, शनिवारी आता मित्रांबरोबर जातो, पण गाडी मीच चालवतो. त्यामुळे ग्लास घ्यायचा प्रश्नच येत नाही." मी त्याला इतकं चांगलं सांगू शकलो नव्हतो. त्याची युक्ती तुम्हाला देतो. येत्या शनिवारी वापरून बघा.

काळजी घ्या. पाणी प्या.